शरीराचं घड्याळ आणि मुंबईचं वेळापत्रक

2015 साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत एकच ओरड झाली. या दिव्यांच्या रांगेची, म्हणजे 'राणीच्या हाराची', रया गेली, असं लोक म्हणू लागले. प्रकरण राजकारणात शिरलं, मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि पुढे पिवळसर छटेचे दिवे परत आले. त्या वादात एका बाजूने विजेची बचत मांडली गेली, दुसऱ्या बाजूने सौंदर्य. समोरच्या इमारतींत झोपणाऱ्यांच्या, फुटपाथवर पथारी टाकणाऱ्यांच्या आणि रात्रभर पहारा देणाऱ्यांच्या शरीराला कुठला प्रकाश सोसतो, हा मुद्दा मात्र कुणी फारसा काढला नाही. पिवळ्या दिव्यांच्या बाजूने तोच सगळ्यांत भक्कम मुद्दा होता.

डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशी असतात हे शाळेत शिकवतात. पण त्यांच्याशिवाय आणखी थोड्या पेशी तिथे असतात. त्यांचं मुख्य काम बाहेर दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवणं. त्यांच्यातलं मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य 1998 मध्ये सापडलं आणि 2002 पर्यंत या पेशींचं काम स्पष्ट झालं. हे रंगद्रव्य निळ्या प्रकाशाला, सुमारे 480 नॅनोमीटरच्या लहरींना, सर्वांत जास्त दाद देतं. दुपारच्या आकाशात हा निळा अंश भरपूर असतो, कंदिलाच्या उजेडात जवळजवळ नसतोच. पांढऱ्या एलईडीत तो चांगलाच असतो. म्हणजे रात्री अकरा वाजता खिडकीतून पांढरा प्रकाश आत आला की या पेशी मेंदूला सांगतात, अजून दिवस आहे.

हा निरोप जातो मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या दोन बारीक पुंजक्यांकडे. दोन्ही मिळून जेमतेम 20 हजार पेशी. शरीराचं मुख्य घड्याळ इथे आहे, हे 1972 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. तसं पाहिलं तर शोधाची सुरुवात फार जुनी. 1729 मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. 1971 मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीत घड्याळ बिघडवणारा जनुक शोधला. त्या जनुकाचं यंत्र उलगडून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. यंत्र असं, की पेशी एक प्रथिन तयार करते, ते साठत जातं, पुरेसं साठलं की स्वतःचीच निर्मिती थांबवतं, मग हळूहळू विघटित होतं आणि फेरा पुन्हा सुरू होतो. माणसात हा फेरा सरासरी 24 तास आणि वर दहा-बारा मिनिटांचा भरतो. ती वरची मिनिटं रोज सकाळच्या उजेडाने कापली जातात. ज्याला सकाळचा उजेड मिळत नाही, त्याचं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडत जातं.

हेच यंत्र यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत, चरबीच्या पेशींत, आतड्यांतही असतं. वाडीतल्या देवळाच्या आरतीवर घराघरांतली घड्याळं लावून घ्यावीत, तशी ही बाकीची घड्याळं एरवी मेंदूच्या घड्याळावर चालतात. पण यकृताचं घड्याळ आणखी एका गोष्टीवर लावलं जातं, ती म्हणजे जेवणाची वेळ. डोळ्याला मिळणारा उजेड एक वेळ सांगत असेल आणि पोटात पडणारं अन्न दुसरीच, तर एकाच शरीरात दोन वेळा चालू लागतात. या विषयातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथे आहे.

हार्मोन्स या घड्याळाच्या तालावर कशी चालतात, ते जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे. पहाटे, जाग येण्याच्या आधीपासून, कॉर्टिसोल चढू लागतं. उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखरावर असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला. रक्तात साखर आणून ठेवणं, रक्तदाब उचलणं, अंगात उभं राहण्याचं बळ आणणं ही त्याची कामं. कॉर्टिसोलची तपासणी सकाळी आठच्या सुमारास करायला सांगतात ती यासाठीच. दुपारी चारला काढलेल्या रक्ताचा आकडा सकाळच्या मापाने वाचला तर निदान चुकेल. टेस्टोस्टेरॉनचंही तसंच. वाढीचं हार्मोन मुख्यतः रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सुटतं. लेप्टिन हे पोट भरल्याचं सांगणारं हार्मोन रात्री चढं राहतं, म्हणून आठ-दहा तास काही न खाता आपण निवांत झोपू शकतो. आणि झोपेच्या साधारण दोन तास आधी, उजेड कमी झाला की, मेलाटोनिन वाढू लागतं.

मेलाटोनिनला लोक झोपेचं हार्मोन म्हणतात. शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणं हे त्याचं खरं काम. घरातला साधा दिवाही ती वर्दी लांबवतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात झोपण्यापूर्वीचे तास 200 लक्सपेक्षा कमी, म्हणजे आपल्या दिवाणखान्यात असतो तेवढ्याच उजेडात घालवले, तर मेलाटोनिनचा कालावधी अंधुक उजेडाच्या तुलनेत सुमारे दीड तासाने घटला. उन्हातल्या दुपारी एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो. आपण दिवस 300 लक्सच्या ऑफिसात काढतो आणि रात्र 200 लक्सच्या खोलीत, मग शरीराला दिवस आणि रात्र यांतला फरक कळावा कसा?

मेलाटोनिन स्वादुपिंडाशीही बोलतं. रात्र झाली, आता अन्न येणार नाही, असं समजून इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी मंदावतात. म्हणून मेलाटोनिन चढलेलं असताना पोटात भात गेला, तर तेवढ्याच भाताने साखर दुपारपेक्षा जास्त चढते आणि जास्त वेळ चढी राहते. स्पेनमध्ये 845 जणांवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे थेट मोजलं गेलं. झोपण्याच्या चार तास आधी आणि एक तास आधी तेवढीच साखर दिली, तर उशिराच्या वेळी इन्सुलिन कमी आणि रक्तातली साखर जास्त निघाली. मेलाटोनिन ओळखणाऱ्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात होता, त्यांच्यात हा फरक अधिक होता. उशिरा जेवू नये हा आजीचा सल्ला आजवर पचनाच्या नावाने दिला जायचा. आता त्याला इन्सुलिनचा आधार मिळाला आहे.

आपल्याकडे याचं महत्त्व दुप्पट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की भारतीय बाळं वजनाने कमी भरली तरी त्यांच्या अंगातलं चरबीचं प्रमाण युरोपीय बाळांच्या तुलनेत जास्त असतं. बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो तो अशाच पायावर. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आधीच काठावर असलेल्या शरीराला रात्री दहाचं ताट परवडत नाही.

पण ताट दहाला का पडतं, हेही पाहायला हवं. गिरगाव, भुलेश्वर, वाळकेश्वरच्या जैन कुटुंबांत चोविहार पाळणारे लोक सूर्यास्तापूर्वी जेवतात. धर्माचा नियम म्हणून पाळलं जाणारं हे वेळापत्रक शरीरशास्त्राच्या कसोटीवर उत्तम उतरतं. 2018 मधल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना पाच आठवडे दिवसाच्या सहा तासांतच, दुपारी तीनच्या आत, सगळं जेवण दिलं. वजन घटलं नाही, तरी इन्सुलिनला शरीर चांगली दाद देऊ लागलं आणि रक्तदाबही उतरला. चोविहार पाळणाऱ्यांतल्या अनेकांचं दुकान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही गोष्ट मात्र विसरू नये. त्याच गिरगावातली मराठी कुटुंबं गेल्या दोन पिढ्यांत दहा बाय बाराच्या खोल्या सोडून डोंबिवलीला, बोरिवलीला, विरारला गेली. नोकरी फोर्टातच राहिली. सहाला सुटणारा माणूस सव्वाआठला घरी पोचतो, हातपाय धुऊन थोडा टेकतो, मग स्वयंपाक, मग जेवण. गिरगावात असताना जे ताट साडेसातला पडायचं, ते विरारला गेल्यावर साडेनऊ-दहाला पडू लागलं. त्यात कुणाची शिस्त ढळलेली नाही.

महाराष्ट्रात जेवणाच्या वेळेची चर्चा घराघरांत नेली ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभा असलेला त्यांचा आग्रह सगळ्यांना पाठ झाला आहे: दोनदाच जेवा, 55 मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका. 2018 च्या सुमारास लग्नाच्या पंगतीतही हीच चर्चा चालायची. इन्सुलिन दिवसातून किती वेळा सुटतं याकडे त्यांनी सामान्य माणसाचं लक्ष वेधलं, हे काम मोठं आहे. माझा आक्षेप एवढाच, की दोन जेवणं दिवसाच्या कुठल्या वेळी घ्यायची, हे त्यांनी बहुतांशी भुकेवर सोडलं. घड्याळाचं शास्त्र सांगतं की वेळेलाही वजन आहे. दुपारी एक आणि रात्री दहा, आणि सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा, ही दोन वेळापत्रकं शरीराच्या लेखी सारखी नाहीत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सॅन डिएगोच्या सॉल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवलं, की चरबीयुक्त खाणं उंदरांना फक्त आठ तासांत दिलं तर ते लठ्ठ होण्यापासून बऱ्याच अंशी वाचतात. त्यावरून जगभर आठ तास खा, सोळा तास उपास करा, अशी लाट आली. माणसांवरच्या चाचण्या तितक्या उत्साहवर्धक निघाल्या नाहीत. चीनमध्ये 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण आहार सारखाच कमी केल्यावर खाण्याचे तास आखडण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे किती खाता याचं महत्त्व कायम आहे. वेळ त्याच्या जोडीला येते, त्याची जागा घेत नाही.

आता रातपाळी. या विषयातला सर्वांत गंभीर पुरावा इथे आहे, आणि मुंबईचा इतिहासही.

1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. रविवारची सुटी 10 जून 1890 पासून मिळाली आणि लोखंड्यांचं नाव तिच्याशी जोडलं गेलं, ते योग्यच. पण सूर्यास्ताची मागणी मला तितकीच मोलाची वाटते. त्या काळी गिरण्या उजेडावर चालत. हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात मोठा, आणि अंधार पडला की सूत दिसत नाही म्हणून यंत्रं थांबत. कामगाराच्या शरीराला तेवढं एकच संरक्षण होतं. 1905 च्या आसपास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ते संरक्षण गेलं. कामाचा दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला, संप झाले, चौकशी आयोग बसला, आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस 12 तासांवर आणला. 1922 मध्ये 11, 1934 मध्ये 10, 1948 मध्ये 9. प्रत्येक तास भांडून मिळवलेला आहे.

तास कमी झाले तशा पाळ्या वाढल्या. दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली आणि रातपाळी गिरणगावात पक्की रुजली. लालबाग-परळच्या एकेका गाळ्यात कोकणातून, घाटावरून आलेले पंधरा-वीस जण राहत. पहिल्या पाळीचे उठून गेले की त्यांच्या जागी रातपाळीचे येऊन आडवे होत. खानावळवालीला तिन्ही पाळ्यांची जेवणं सांभाळावी लागत. अशाच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पाळी बदलली की जेवणाची, झोपेची, शौचाची, सगळीच वेळ बदले. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांचं आयुष्य उलटंपालटं झालं, आणि त्यांच्या शरीरावर पाळ्यांनी काय केलं होतं ते मोजायचं राहूनच गेलं.

आज आपण ते परक्या आकड्यांवरून समजून घेतो. 2009 मध्ये अमेरिकेत दहा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचा दिवस कृत्रिमरीत्या 28 तासांचा केला, म्हणजे झोप आणि जेवण हळूहळू सरकत घड्याळाच्या अगदी उलट बाजूला गेलं. तशा अवस्थेत लेप्टिन 17 टक्क्यांनी घटलं. इन्सुलिन 22 टक्क्यांनी वाढलं, तरीही साखर 6 टक्क्यांनी चढली. सरासरी रक्तदाब 3 टक्क्यांनी वाढला आणि कॉर्टिसोलची लय पार उलटी झाली. काहींची जेवणानंतरची साखर तर मधुमेहपूर्व अवस्थेच्या पातळीवर गेली, आणि हे सगळं मोजक्या दिवसांत.

बरीच वर्षं रातपाळी केली तर काय होतं, याचं उत्तर अमेरिकन परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीने 2011 मध्ये दिलं. एक-दोन वर्षं फिरत्या रातपाळ्या केलेल्यांत टाइप 2 मधुमेहाची शक्यता 5 टक्के जास्त, दहा ते एकोणीस वर्षं केलेल्यांत 40 टक्के, वीस वर्षांच्या वर 58 टक्के. वाढलेल्या वजनाचा वाटा वेगळा काढला तर शेवटचा आकडा 24 वर येतो. म्हणजे रातपाळी वजन वाढवून घात करते आणि वजन बाजूला ठेवलं तरी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, आणि पुन्हा 2019 मध्ये, रातपाळीला बहुधा कर्करोगकारक या वर्गात टाकलं. डेन्मार्कने दीर्घकाळ रातपाळी केलेल्या काही स्तनकर्करोगग्रस्त स्त्रियांना भरपाईही दिली. याउलट काही मोठ्या पाहण्यांत रातपाळी आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध दिसलेला नाही, म्हणून 'बहुधा' हा शब्द तसाच ठेवलेला बरा. मधुमेहाबद्दल तेवढी शंका उरत नाही.

गिरगावच्या कुठल्याही नव्या टॉवरखाली रात्री एकला जाऊन पाहा. वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो, डोक्यावर पांढरी ट्यूब किंवा एलईडीची पट्टी, हातात मोबाइल. दीडच्या सुमारास तो डबा उघडतो. पोळ्या किंवा भात, बटाट्याची भाजी. चारला कोपऱ्यावरून साखरेचा चहा. सातला सुटी. घरी जाताना सकाळचं कोवळं ऊन थेट डोळ्यांवर, म्हणजे ज्या क्षणी शरीराला रात्र झाल्याचं सांगायला हवं त्या क्षणी दिवसाची सणसणीत वर्दी. मग मीटरच्या खोलीत नाहीतर जिन्याखाली, पंपाच्या आवाजात आणि मुलांच्या वर्दळीत पाच तासांची तुटक झोप. बहुतेकांच्या कामाचे तास आठ नाहीत, बारा आहेत. चाळीच्या एका खोलीत राहून रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरचीही हीच कथा. ती सकाळी झोपायला येते तेव्हा त्या खोलीत कुकरची शिट्टी, टीव्ही आणि सज्जातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हाका सुरू झालेल्या असतात.

यातलं काय बदलता येईल? पहिली गोष्ट जेवण. 2021 च्या एका प्रयोगात 19 जणांना कृत्रिम रातपाळी दिली. ज्यांनी रात्री खाल्लं त्यांची साखर 6.4 टक्क्यांनी वाढली, आणि रात्री जागूनही ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. प्रयोग लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे आणि खर्च शून्य. संध्याकाळी सातला पोटभर जेवून निघावं, रात्री पाणी किंवा बिनसाखरेचा चहा घ्यावा, अगदीच लागलं तर मूठभर शेंगदाणे, आणि सकाळी घरी येऊन न्याहारी करून झोपावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट उजेड. पाळीच्या सुरुवातीला चांगला उजेड, शेवटच्या दोन तासांत कमी, घरी जाताना गॉगल, झोपायच्या खोलीला जाड पडदा. तिसरी गोष्ट पाळ्यांचा क्रम. शरीराचं घड्याळ 24 तासांहून थोडं लांब असल्याने त्याला उशिराच्या वेळेकडे ढकलणं सोपं जातं, लवकरच्या वेळेकडे खेचणं अवघड. युटातल्या एका पोटॅश कारखान्यात पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने आणि सावकाश फिरवल्यावर कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी घटल्या आणि उत्पादनही वाढलं. हा निष्कर्ष 1982 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी मुंबईत संप सुरू होता.

पहिल्या दोन गोष्टी कामगाराच्या हातात थोड्याफार आहेत. तिसरी अजिबात नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. शरीराच्या घड्याळावरचं बहुतेक लोकप्रिय लेखन माणसाला शिस्त शिकवतं. लवकर नीज, लवकर ऊठ, मोबाइल ठेव. पण या शहरात माणसाची वेळ बहुतांशी दुसऱ्याने ठरवलेली असते. तसं नसतं तर जानेवारी 1906 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी भारतीय प्रमाणवेळेविरुद्ध दगड हातात घेतले नसते. नवी वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या 39 मिनिटं पुढे होती, आणि कामाची वेळ तीच ठेवली तर तेवढंच लवकर उठावं लागणार होतं. महापालिकेने तर मुंबईची वेळ पन्नासच्या दशकापर्यंत चालू ठेवली. ती 39 मिनिटं आजही आपल्या अंगावर आहेत. सूर्य प्रयागराजजवळच्या रेखांशाला माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजतात, आणि गिरगावात तो अजून यायचा असतो. सकाळी उजेड उशिरा, संध्याकाळी अंधार उशिरा. मौलिक जगनानी यांनी भारतातली आकडेवारी तपासून दाखवलं, की सूर्यास्त तासाभराने उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते आणि शिक्षणाची वर्षंही कमी भरतात. मुलं उशिरा झोपतात, शाळा मात्र सगळीकडे घड्याळानेच भरते.

राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. निर्णय चांगला, पण चुकीच्या टोकापासून सुरू झालेला. लहान मुलं स्वभावतःच लवकर जागी होतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र मेलाटोनिन दोन तासांपर्यंत उशिरा चढू लागतं. हा वयात येण्याचा भाग आहे, त्याला आळस म्हणणं अन्याय आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. आपल्याकडे एकाच इमारतीत सकाळची आणि दुपारची शाळा भरते, आणि सातची वेळ बहुधा मोठ्या मुलांच्या वाट्याला येते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो. म्हणजे दहावीचा मुलगा पहिल्या तासाला सूर्योदयाच्या आधी बसतो, आणि त्याच्या शरीराच्या हिशेबाने ती अजून रात्र असते.

झोप मोडणाऱ्या आवाजाबद्दल थोडंच. केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती बसतो. उत्सवाचे रात्रीचे काही तास कुणाला नकोसे वाटत नाहीत, आणि काही रात्री जागल्याने घड्याळ कायमचं बिघडत नाही. वर्षभराची सवय बिघडवते. मेट्रो 3 चं भुयारी काम चालू असताना दक्षिण मुंबईतले रहिवासी न्यायालयात गेले आणि 2017 मध्ये उच्च न्यायालयाने रात्री दहा ते सहा काम थांबवायला लावलं, कारण झोपेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालयांना पटू लागलं आहे. आवाजाला नियम आहेत, मर्यादा आहेत. रात्रीच्या उजेडाला तसा नेमका कायदा नाही. पेंचच्या जंगलाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे वाघांना आणि ताऱ्यांना अंधार मिळाला. चर्नी रोडला समोरच्या जाहिरातफलकाचा प्रकाश थेट बिछान्यावर येत असेल, तर तक्रार कुठल्या कलमाखाली करायची, हे साध्या रहिवाशाला उमगत नाही.

औषधांच्या वेळेबद्दल मात्र घाईने काही मानू नये. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बाराच्या दरम्यान जास्त येतात, हे 1985 पासून माहीत आहे. त्यावरून रक्तदाबाची गोळी रात्रीच घ्यावी, असा समज पसरला. ब्रिटनमध्ये 21 हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळी आणि रात्री घेण्यात झटका, पक्षाघात, मृत्यू यांत फरक दिसला नाही. रोज न चुकता, आठवण राहील त्या वेळी घ्या, हे उत्तर. स्टेरॉइड सकाळी देतात आणि कोलेस्टेरॉलची काही औषधं रात्री, त्यामागे कारण आहे, ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. चुकीच्या वेळी घेतल्या तर त्या घड्याळ उलट दिशेने सरकवतात.

राहता राहिले कामाचे तास. 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने अभ्यास करून आराखडा मांडला, आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला आणि पुढे तो शहरभर नेला. बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या खात्यातही वेळापत्रक बदलता येतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. त्याच महाराष्ट्रात सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तसेच राहतील आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असं सांगितलं जातं. आठवड्याची बेरीज तीच राहिली, म्हणून शरीराचं नुकसान टळत नाही, कारण शरीर आठवडा मोजत नाही, दिवस मोजतं. बारा तासांच्या रातपाळीनंतर दोन तासांचा प्रवास उरला तर झोपेला, जेवणाला आणि घराला मिळून दहा तास राहतात. आणि नोकरी टिकवायची असलेल्या माणसाची लेखी संमती किती खरी, हे गिरणगावाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. बारा तासांची मर्यादा 1911 ची आहे. तिकडे परत जाऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

तोवर एक गोष्ट आजच करता येईल. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा खासगी डॉक्टरकडे केसपेपर काढताना तंबाखू विचारतात, दारू विचारतात, घरात कुणाला मधुमेह आहे का ते विचारतात. कामाची वेळ सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही रातपाळी करत असाल, पूर्वी केली असेल, किंवा तुमच्या इमारतीचा वॉचमन, घरी रुग्णसेवेला येणारी बाई, रात्रीची टॅक्सी चालवणारा भाऊ करत असेल, तर किती वर्षं केली आणि महिन्यातल्या किती रात्री, हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी होते.